तीन नंबरची डिस्क

एका संगणकाच्या पोटात एक छोटंसं राज्य होतं. तिथं माहिती साठवायची कोठारं होती, त्यांना डिस्क म्हणत. कोठारांवर दोन मुकादम होते, एक म्हातारा आणि एक तरणा. त्यांना कंट्रोलर म्हणत. दोघांच्या वर एक कारभारी होता, तो ड्रायव्हर.

कारभाऱ्याला एक खोड होती. रोज सकाळी संगणक सुरू झाला की तो हजेरी घेई. जी डिस्क आधी 'हजर' म्हणेल तिला एक नंबर, तिच्या मागचीला दोन, असे नंबर वाटून तो मोकळा होई. म्हणजे आजची दोन ती उद्याची तीन! म्हातारा मुकादम या प्रकाराला अगदी विटला होता.

"अहो कारभारी, प्रत्येकीच्या कपाळावर तिचं कायमचं नाव कोरलंय. ते वाचा की!"

"वीस अक्षरी नाव कोण वाचत बसणार? आजवर काही बिघडलंय का?"

"बिघडल्यावरच कळायला हवं का तुम्हाला?" म्हातारा करवादला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

एके दिवशी तरण्या मुकादमाकडे नवी कोरी डिस्क आली. त्या दिवशीच्या हजेरीत तिला तीन नंबर मिळाला. नवी डिस्क वापरात घेण्याआधी एकदा पुसावी लागते, म्हणून संगणकाच्या मालकिणीनं हुकूम लिहून ठेवला: 'उद्या तीन नंबरची डिस्क पुसून तयार ठेवा.'

दुसऱ्या दिवशी नव्या डिस्कनं चटकन 'हजर' म्हटलं. म्हाताऱ्याकडची जुनी डिस्क फिरायला लागेपर्यंत अंमळ उशीर झाला आणि तीन नंबर तिच्या गळ्यात पडला. तिच्यात मालकिणीच्या आईचे फोटो होते, आईचा आवाज होता. आई गेल्यावर एवढंच उरलं होतं, आणि दुसरीकडे कुठेच त्याची प्रत नव्हती.

कारभारी पुसायला निघाला. म्हातारा आडवा आला. "थांबा! ही भरलेली आहे. एकदा, फक्त एकदा नाव वाचा!"

"हुकमात नंबर लिहिलाय, नाव नाही," असं म्हणून कारभाऱ्यानं डिस्क पुसून काढली.

दुपारी मालकीण आईचा आवाज ऐकायला बसली. तिनं पुन्हा पुन्हा शोधलं. मग टेबलावर डोकं टेकून ती रडली.

कारभारी घाबराघुबरा धावत आला. "मुकादम, उद्यापासून नावं वाचूनच नंबर लावतो. हिला कोणता लावू, तेवढं सांगा!"

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आता लावा की कोणताही! आत काही उरलंच नाही, तर एक काय न् तीन काय!"

तात्पर्य: रांगेतला नंबर म्हणजे ओळख नव्हे; जे पुसलं की परत येत नाही, त्याला हात लावण्याआधी नाव वाचावं.