बोगद्यात लागणारं सामान

पहिल्या बोगद्यात खडक कोसळून मुकादमासकट चार मजूर मेले. ते का मेले, ते एका फाईलमध्ये लिहिलेलं होतं आणि ती फाईल मुख्य अभियंता उपळेकरसाहेबांच्या कपाटात बंद होती. आता त्याच डोंगरात दुसरा बोगदा सुरू होणार होता.

नव्या इंजिनिअर शर्वरीने फाईल मागितली.

"पोरी, फाइली कसल्या वाचतेस? तीस वर्षांचा अनुभव इथे आहे," साहेबांनी कपाळावर बोट ठेवलं.

सुरक्षेच्या सामानाची यादी पूर्ण झाल्याशिवाय कोणी आत उतरायचं नाही, असा नियम होता. सकाळी चाळीस मजुरांसमोर शर्वरीने यादी सहीसाठी पुढे केली: हेल्मेट चाळीस, बॅटऱ्या चाळीस, साहेबांचं डोकं एक.

"हा काय चावटपणा?"

"खडक कधी सुटतो हे फक्त तुमच्या डोक्यालाच माहीत आहे ना, सर? मग तिन्ही पाळ्यांत ते सगळ्यांच्या पुढे लागेल. आत येताय, की किल्ली देताय?"

मजूर साहेबांकडे बघत राहिले. साहेबांनी किल्ली दिली.

फाईलच्या पहिल्याच पानावर मेलेल्या मुकादमाची तक्रार होती: "छतातून पाणी गळतंय, काम थांबवा." खाली साहेबांचा शेरा होता: "काम चालू ठेवा."

त्या दिवशी प्रत्येक हेल्मेटबरोबर त्या पानाची एक प्रत वाटली गेली.