पेरातला राजा

एका राज्यात चित्रसेन नावाचा राजा होता. शिकारीच्या वाटेत एका मांत्रिकाची बाग आली, ती त्याने घोड्यांखाली तुडवली. मांत्रिकाने मूठभर माती फुंकली आणि राजा घोड्यावरून उतरता उतरता पाषाण झाला.

पाषाण वाड्यात आणला, तेव्हा तुडवलेली एक वेल कुंडीत खोचून मांत्रिक तिथे आला आणि राणी वेणुमतीला म्हणाला, "हिच्यात याचा प्राण. हिच्यापासून दुसरी वेल झाली, तर हा उठेल. ही संपली, तर हाही संपला." एवढं बोलून तो धूर होऊन गेला.

राणी व्रतवैकल्यांची, मनाने भाबडी. वेलीला ना बी, ना फूल. उरलेली पानं तीन. दुसरी वेल व्हावी कशी? राणी गोंधळली. तोच खिडकीत एक साळुंकी बसली आणि बोलली, "काप, म्हणजे वाढेल."

"जी मरते आहे, तिलाच कापू?"

"मी सांगितलं. तू बघ."

राणीने देवाला हात जोडले, नखाने एक पान खुडलं आणि पाण्यात ठेवलं. पंधरा दिवस पान हिरवंगार होतं, सोळाव्या दिवशी पिवळं पडलं. पाषाणाच्या खांद्याला तडा गेला.

"नुसतं पान काय ठेवतेस?" साळुंकी म्हणाली. "पान फुटतं तिथे गाठ असते, ते पेर. मूळ तिथून येतं. पेराच्या खाली काप."

"हे आधी का नाही सांगितलंस, बाई?"

"आधी विचारलंस?"

राणीने पेराखाली कापून देठ मातीत रोवला. तुळशीला घालावं तसं रोज न्हाऊन तांब्याभर पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या. आठव्या दिवशी देठ काळा पडून लिबलिबीत झाला. पाषाणाच्या छातीला तडा गेला.

"उपास तुझे, आणि पाणी पाजपाजून मारतेस त्याला!" साळुंकी करवादली.

राणी रडकुंडीला आली. "पहिलं पाण्यात पंधरा दिवस हसलं, दुसरं पाण्याने मेलं! खरं काय धरू?"

"पाण्यात ठेवलंस तर पेर बुडव, पान नको. मातीत लावलंस तर ओल ठेव, चिखल नको. मला येत होतं ते सांगून झालं." साळुंकी उडाली ती पुन्हा आली नाही.

आता पानासकट एकच पेर उरलं. राणीने पितळी गडूत पाणी भरलं, पेर बुडवलं, पान वर ठेवलं, ऊन थेट लागणार नाही अशा झरोक्यात गडू ठेवला. दर तिसऱ्या दिवशी कडेने जुनं पाणी काढून ताजं घाली. पण पितळेतून दिसणार काय? रुजलं की कुजलं? म्हणून रोज पहाटे देठ उपसून बघे. कधी पांढरा ठिपका दिसे, दुसऱ्या दिवशी बोटाने पुसला जाई. तिला काहीच उमजेना.

नवव्या पहाटे देठाला हात लावला आणि हात थबकला. नवी सून असताना, धान्य रुजलं का म्हणून तिने नवरात्रातल्या घटाची माती उकरली होती. सासूबाईंनी मनगट धरलं होतं. "सूनबाई, बसवलेला घट हलवू नये. आपण पाणी शिंपावं, उरलेलं देवीवर सोडावं."

राणीने हात मागे घेतला. एकवीस दिवसांचा वसा घेतला: पाणी बदलीन, उपसणार नाही. जीव तळमळला, पण वसा मोडला नाही.

एकविसाव्या दिवशी पेराच्या डोळ्यातून एक पान सुरळी उलगडत वर आलं. पाषाणाचे तडे मिटले, राजाने पापणी उचलली.

"राणी, रोज पहाटे मला कोणी तरी मुळापासून उपटत होतं. मग एके दिवशी थांबलं. तेव्हा कुठे जीव धरला. कोण होतं ते?"

राणीने पदर सावरला. "असेल कोणी गोंधळलेलं, महाराज."

राजाने मांत्रिकाची बाग स्वतःच्या हाताने लावून दिली, राणीने घरोघर एकेक पेर वाटलं. तिचं पेर जसं धीराने रुजलं, तसं तुमच्या-आमच्या झरोक्यातलंही रुजो.