हौसाईची रास

करंजवाडीच्या शिवारात ज्वारीची काढणी सुरू झाली की शहरातून पाहुणे येतात. त्यांना आधी दिसते ती खळ्यामागची काळ्या दगडांची टेकडी. खाली पसरट, वर निमुळती, मळून ठेवलेल्या धान्याच्या ढिगासारखी. गावातले म्हातारे गेनूबाबा त्यांना तिच्या सावलीत बसवतात आणि सांगतात, "ही हौसाईची रास."

फार पूर्वी हे शिवार रायाजी पाटलाचं होतं, असे सांगतात. एका साली पीक डोलत होतं, पण खळ्यावर पहिली रास पडली ती पाटलाच्या अंदाजापेक्षा लहान. कणसांत दाणाच भरला नाही, असं कापणाऱ्या बायका आधीपासून सांगत होत्या. पाटलाला पटेना. त्याला वाटलं, ज्वारी चालते आहे. कुणाच्या तरी पायांनी चालते आहे.

तो बांधावर बसू लागला. कोण जड पावलांनी जाते, कोण वाकून कुजबुजते, कोण आपल्याला पाहून हसायची थांबते. दोघी एकत्र पाणी प्यायल्या तरी त्याला त्यात कट दिसे. एका संध्याकाळी कापणाऱ्या बायकांतली हौसा घरी निघाली. तिची ओटी फुगलेली होती.

"ए हौसे, वट्यात काय नेतीयास?"

"माझं हाय ते."

"तुझं? माझ्या रानात तुझं काय उगवलं गं?"

बायका थबकल्या. हौसाचा हात ओटीच्या गाठीवर गेला आणि तिथंच राहिला. आज आपण गाठ सोडली, तर उद्यापासून प्रत्येकीला सोडावी लागेल, हे तिला कळत होतं.

"सोडते, पाटील. पण आधी तुमचं उपरणं झटका. पेरलं तुमी, कापलं आमी. झडती दोघांचीबी होऊ द्या."

पाटील हसला. "मालक सोताच्याच रानात चोरी करतोय व्हय?"

"मग ऐका. माझ्या पदराला हात लागला, तर या राशीतला दाणा तुमच्या तोंडात जायचा न्हाई."

त्यानं पदर ओढला.

त्याच क्षणी वावटळ उठली म्हणे. भुशानं सगळ्यांचे डोळे भरले. वारं निवलं तेव्हा हौसा नव्हती, आणि मातीत काहीच सांडलेलं नव्हतं. पाटलानं घाईघाईनं राशीत हात खुपसला. बोटं सोलवटली. दाण्यांचा दगड झाला होता.

एवढं होऊनही त्याचा संशय गेला नाही. बायकांनी दाणे आत दडवलेत, असं म्हणत तो मरेपर्यंत पहारीनं ती रास फोडत राहिला.

आजही काढणीच्या दिवसांत करंजवाडीचा मालक संध्याकाळी बायकांपुढे उभा राहून आपलं उपरणं झटकतो. मग बायका ओट्या भरून त्याच्यासमोरून जातात आणि तो पाठ फिरवतो. आजही पाहुण्यांतलं कुणीतरी विचारतंच, "पण बाबा, तिच्या ओटीत होतं तरी काय?"

शेजारच्या रानातले विळे थांबतात. गेनूबाबा उठून उभे राहतात.

"उठा पाव्हणं," ते म्हणतात, "आधी तुमची पिशवी झटका."