बोरांची बरणी आणि धरतीचे वय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, असे मात्र विचारू नका. गोष्टीतली वर्षे कुणी मोजत नाही. पण ही गोष्ट वर्षे मोजण्याचीच आहे, म्हणून जरा सावरून बसा.

एका गावात एक बहीण-भाऊ राहत होते. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरलीने धाकट्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. संध्याकाळी दोघे गावाबाहेरच्या काळ्या दगडावर जाऊन बसत. हा दगड पूर्वी कधीतरी आभाळातून पडला होता म्हणे. एकदा तिथे बसल्या बसल्या थोरली म्हणाली, "आई गेली, पण ही धरती आहे ना आपली! बाळा, हिचं वय काय असेल रे?"

"मी मोठा झालो की शोधून सांगेन, अक्का," धाकटा छाती काढून म्हणाला.

लहान तोंडी मोठा घास! पण पोरगा शब्दाचा पक्का. मोठा झाला, शिकला आणि खरोखरच धरतीचे वय शोधायला निघाला.

आधी तो समुद्राकडे गेला. समुद्र म्हणाला, "नद्या मला चिमूट चिमूट मीठ आणून देतात. माझा खारटपणा मोज." धाकट्याने मोजला. मोजून झाल्यावर समुद्र खदखदून हसला. "अरे, पण कितीतरी मीठ माझ्या तळाशी बसलं, त्याचं काय? आणि मी आलो तेव्हा धरती आधीच होती. आईचं वय लेकाला कसं ठाऊक असणार?"

मग तो एका उंच पर्वताकडे गेला. पर्वताने आपले थर उघडून दाखवले. धाकट्याने ते मोजण्यात केस पांढरे केले, पण तळाशी पोहोचला तर तिथले थर वितळून एकजीव झालेले.

पर्वत म्हणाला, "धरतीला जुनं जपून ठेवायची सवय नाही, बाबा. जुना दगड वितळवते, नवा घडवते. पण ती ज्या पिठाची थापली, त्याच पिठाचे काही कण परातीच्या कडेला राहून गेले. ते आकाशात भटकतात. एखादा कधी खाली पडतो. त्याला विचार."

धाकट्याला गावाबाहेरचा काळा दगड आठवला. काखेत कळसा नि गावाला वळसा! तो आल्या पावली परत फिरला.

पण तो पोहोचेपर्यंत थोरलीने अंथरूण धरले होते. दारातच शेजारीण भेटली. हळूच म्हणाली, "रोज विचारते, माझा भाऊ आला का म्हणून. आता सांगून टाका एखादा आकडा. म्हातारी कुठे मोजायला जाणार आहे?"

धाकटा उंबऱ्यातच थबकला. खरे सांगायचे तर त्यालाही मोह झाला. जिने अर्धपोटी राहून आपल्याला वाढवले, तिच्यापुढे रिकाम्या हाताने कसे जायचे? पण तिचे वाट पाहून थकलेले डोळे दिसले आणि त्याच्याने खोटे बोलवेना.

"अक्का, मला अजून ठाऊक नाही गं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "आपला काळा दगड धरतीच्याच वयाचा आहे, एवढं कळलं. पण त्याचं वय कसं काढायचं तेच कळत नाही."

थोरलीने त्याच्या पिकल्या केसांतून हात फिरवला. "उगी. बोरांची बरणी आठवते का तुला?"

न आठवायला काय झाले! थोरली बोरे सुकवून बरणीत भरून ठेवी. धाकटा ती चोरून खाई. पण चोर मोठा मायाळू. रोज असतील त्यातली निम्मी खायची आणि निम्मी अक्कासाठी ठेवायची, असा त्याचा नेम. बिया बाहेर टाकल्या तर चोरी पकडली जाईल, म्हणून त्या पुन्हा बरणीतच लपवायच्या.

"मला वाटायचं, तुला कधी कळलंच नाही."

"अरे वेड्या, झाकण काढलं की सगळं कळायचं. उरलेली बोरं दिसायची, खाल्लेल्यांच्या बिया दिसायच्या. दोन्ही मिळून आधी किती होती ते समजायचं. आणि तुझा निम्म्याचा नेम कधी चुकायचा नाही. मग चोरी किती दिवस चाललीय, हे सांगायला जोशीबुवा कशाला हवेत?"

धाकटा ताठ बसला. खडकांत त्याने असे कण पाहिले होते, जे अगदी हळूहळू, ठरल्या चालीने, निम्म्याचे निम्मे होत दुसऱ्या जातीच्या कणांत बदलतात. त्याचा उपयोग तेव्हा त्याला कळला नव्हता. बोरेही आत आणि बियाही आत! धरतीवरच्या खडकांच्या बरण्या आगीने उलथ्यापालथ्या केल्या होत्या, पण काळ्या दगडाची बरणी जन्मापासून कुणी उघडलीच नव्हती.

त्याने दगडाचा तुकडा आणला आणि बहिणीच्या उशाशी बसून तो तपासू लागला. ती पडल्या पडल्या त्याच्याकडे कौतुकाने बघत राही. शेवटी एका सकाळी तो तिच्या कानाशी वाकला.

"अक्का, साडेचारशे कोटी वर्षं."

थोरलीला हसू फुटले. "एवढी म्हातारी! आणि अजून बोरीला बोरं आणते!" थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "बाळा, मला वाटायचं मी फार जुनी झाले. जायची भीती वाटायची रे. पण हिच्यापुढे मी तान्हीच की. तान्ह्या लेकराला आईच्या कुशीत जायला कसली भीती?"

बोरे पिकायच्या दिवसांत ती शांतपणे गेली. धाकटा खूप रडला. पुढे तो गावातल्या मुलांना काळ्या दगडावर बसवून बोरे वाटू लागला. मुले नाही नाही ते प्रश्न विचारत. जे येई ते तो सांगे. जे येत नसे, त्यावर म्हणे, "मला ठाऊक नाही. चला, शोधू या."

एकदा शेजारणीने विचारले, "भाऊ, तेव्हा मी म्हटलं तसा आकडा सांगून टाकला असता तर?"

"तर अक्काने बरणीची आठवण काढली नसती," तो म्हणाला. "शेवटच्या भेटीत मी तिला फसवलं असतं, आणि धरतीचं वय त्या दगडातच राहिलं असतं."

तात्पर्य: 'मला ठाऊक नाही' म्हणायला जो लाजत नाही, त्यालाच एक दिवस खरे ठाऊक होते.