पहिली विडी कुणाची?

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्या सहा वर्षे विद्या शिकून तयार झाली. तयार झाली, असे तिचे मत होते. वैद्यांनी अजून तसे काही म्हटलेले नव्हते. मुलगी हुशार, अक्षर सुरेख, उन्हातान्हात हिंडायची तयारी. दोष एकच होता आणि तो बहुधा हुशार माणसांतच आढळतो. एखादा आकडा एकदा कागदावर उतरला की तो तिला खरा वाटू लागे.

वैद्यांचा दवाखाना माळावर होता. जवळच सनगरांचे गाव होते. सनगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे लोक. तेथे घरटी एक माग, मागाशी जमिनीत खणलेला एक खड्डा, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून सकाळपासून बसलेला घरचा कर्ता पुरुष. गाव कष्टाळू होते, सरळ होते. फक्त खोकत फार होते. लोकरीची कुसे छातीत जात होतीच, पण त्याहून अधिक जात होती ती विडी.

त्या वर्षी एका आरोग्यसंस्थेने आसपासच्या गावांची पाहणी करायचे ठरवले. विडी ओढणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला एकच प्रश्न विचारायचा होता: तुम्ही कितव्या वर्षी सुरुवात केली? संस्थेजवळ शिक्षक एकच. जेथे पोरे लहानपणीच विडीला लागतात, तेथे तो वर्षभर राहणार, घरोघर बोलणार. जेथे माणसे मोठेपणी, कळत्या वयात लागतात, ती गावे यादीतून वगळली जाणार. अहवाल सोमवारी पोचायला हवा होता.

सनगरांच्या गावाचे काम वैद्यांनी शिष्येवर सोपवले. ती आठ दिवस त्या गावात फिरली आणि शुक्रवारी संध्याकाळी हसतमुखाने परतली.

"गुरुजी, बासष्ट विणकर झाले. एकही सुटला नाही. सरासरी एकतीस वर्षे! आपण समजत होतो तसं नाही हो हे गाव. इथली मुलं विडीला शिवतसुद्धा नाहीत. मी लिहिलंय, या गावी शिक्षकाची गरज नाही."

वैद्यांनी वही हाती घेतली. एकतीस, अठ्ठावीस, चाळीस, तेवीस. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. तेथे लाल शाईने 'दहा' लिहिलेले होते आणि पुढे शेरा होता: 'अपवाद. बालपणापासून व्यसनी, वळण नाही.'

"आणि आपल्या मायाप्पा विणकराने काय सांगितलं?" त्यांनी विचारले.

"बेचाळीस. आज ते छप्पन्न वर्षांचे आहेत. म्हणजे चौदाच वर्षं झाली."

"अगं, गेल्या महिन्यात मी त्याच्या छातीला कान लावला होता. ती छाती चौदा वर्षांची गोष्ट सांगत नाही. चांगली पन्नास वर्षांची सांगते."

"म्हणजे ते खोटं बोलले?"

"मायाप्पा? घोंगडीत एक धागा कमी पडला तर गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगणारा माणूस तो. उद्या जाऊ आपण."

शनिवारी सकाळी दोघे मायाप्पाच्या अंगणात पोचली. मायाप्पा खड्ड्यात बसून ताण्याला खळ लावत होता. चिंचोक्यांच्या त्या दाट पेजेत त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. "या या, वैद्यबुवा," म्हणून तो उठू लागला, तोच वैद्य म्हणाले, "मायाप्पा, जरा बाहेर ये. मला बसू दे तिथं."

मायाप्पाला वाटले थट्टा आहे. पण ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ धोतर सावरीत खरोखरच खड्ड्यात उतरले. त्यांनी दोन्ही हात खळीच्या मडक्यात बुडवले आणि चिकट बोटे वर धरून गंभीरपणे म्हणाले, "आता मला विडीची तल्लफ आली, तर मी काय करू?"

शिष्या पाहतच राहिली. जी माणसे विडी विझवून येत नसत त्यांना दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवणारे हे गुरुजी! वय झाले की माणूस असा होतो का, अशी शंकाही तिच्या मनाला चाटून गेली.

मायाप्पा मात्र मनापासून हसला. "त्यात काय करायचं? असल्या हातानं काडी पेटती व्हय? पेटी निस्ती भिजून जाती. आन् खड्ड्यातनं दर खेपंला कोन उठतंय, गुडघं मोडत्यात. हाक मारायची झालं!" आणि सवयीने, विचारही न करता, त्याने घराकडे तोंड करून हाक दिली, "ठकूऽ, इडी आन गं!"

आतून "आले आबा" असे उत्तर आले. क्षणात सात वर्षांची एक मुलगी दारात दिसली. कोनाड्यातली विडी तिने चुलीच्या निखाऱ्याला लावली होती. विडी मोठी नाठाळ वस्तू. ओढली नाही की विझते. म्हणून अंगण ओलांडताना त्या पोरीने ती ओठांत धरली होती. पुढचे दोन दात पडलेले होते आणि विडी त्या फटीत नीट बसली होती. चार पावले झाली की गाल आत जात, टोक लाल होई, पुन्हा चार पावले. खड्ड्याशी येऊन ती थबकली. आबा बाहेर आणि वैद्यबुवा आत, हे तिला नवीन होते. मग तिने समंजसपणे विडी वैद्यांच्या ओठांपाशी नेली.

वैद्यांनी ती चिकट बोटांत घेतली आणि शेजारच्या मातीत विझवली.

"बाळ," ते अगदी हळू म्हणाले, "तू विडी ओढतेस का गं?"

ठकूला भयंकर अपमान वाटला. "छ्या! म्या न्हाई वडत. म्या निस्ती आबांची पेटवून आनती."

शिष्येला अकस्मात उमगले की आठ दिवस आपण ज्या दारांतून आत-बाहेर केले, त्या प्रत्येक दारातून असे एक मूल येत-जात होते. आपण त्याला वाट देण्यासाठी बाजूलाही झालो होतो! तिच्या डोळ्यांत पाणी आले.

"मायाप्पा," वैद्यांनी विचारले, "तू कुणाची पेटवून आणत होतास?"

"आज्याची. मग बा बसला मागावर, तवा बाची."

"किती वर्षांचा होतास?"

"वय कुनाला ठावं, बुवा." मायाप्पा नातीच्या तोंडाकडे पाहत होता. "पर माझंबी म्होरलं दात पडल्यालं हुतं. आज्या म्हनायचा, ह्याच्या तोंडात देवानंच जागा करून दिलीया." तो हसू गेला, पण ते हसू काही पुरते उमटले नाही. "पयलं पयलं लय खोकायचो. मग न्हाई खोकलो."

"मग बाईंना बेचाळीस का सांगितलंस?"

"आवो, तवापास्नंच वडाया लागलो की! बा गेला तवा मी बेचाळीसचा. बाच्या देखत इडी वडायची म्हंजे तोंडाला काळं. गोठ्यामागं कवातरी वडली असंल, ती काय मोजायची? तेराव्याला भावकीनं डोक्याला पटका बांधला, हातात इडी दिली, म्हनली, आता तू घरचा मोठा. त्या दिशी धरली. ती माजी. त्याच्या आदीची, काय आज्याची, काय बाची, काय चोरीची."

शिष्येने वही उघडली होती, पण तिच्याने लिहवेना. तिने लाल शाईतले ते नाव वाचून दाखवले आणि विचारले, "आणि हे? यांनी दहा सांगितलं."

"त्येचा बा इहिरीत पडून ग्येला, बाई. धा वर्साचा हुता पोरगा. पटका डोक्याला बसंना, मागनं गाठ मारली हुती. त्याच दिशी खड्ड्यात बसला बिचारा."

शिष्येने शेरा लिहिलेल्या त्या ओळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "गुरुजी, मी एका पोरक्या मुलाला बिघडलेला लिहिलं."

वैद्य एका दगडावर बसले. त्या दिवसापुरते त्यांचेही गुडघे बोलू लागले होते. ते म्हणाले, "मुली, तू विचारलंस, सुरुवात कधी केलीत? त्यांनी सांगितलं, आम्हाला मोकळीक कधी मिळाली. तुझा प्रश्न सरळ होता, त्यांचं उत्तरही सरळ होतं. पण दोन्ही एका रस्त्यावर नव्हती. तुझ्या वहीत विडीची वयं नाहीत. बासष्ट मुलांचे बाप कधी गेले, ते तू लिहून आणलंयस. माणसाला जे लाज म्हणून लपवावं लागलं, ते तो मोजत नाही. आणि जे सेवा म्हणून केलं, ते तर त्याला आठवावंसंही वाटत नाही. पण छातीला असलं काही कळत नाही. विडी आजोबांची आहे, आपली नव्हे, असं म्हणून ती धूर परत पाठवत नाही."

मग ते म्हणाले, "आणि त्या पोरीला मी ते अंगण ओलांडू दिलं, तेवढा धूर माझ्या नावावर लिही. हाक तोंडातून निघेल आणि मी तिला दारातच अडवीन, असं ठरवून बसलो होतो. म्हातारपणी जीभ उशिरा हलते."

शिष्येला त्यांची फार माया वाटली. तिने त्यांना उठायला हात दिला आणि ती दोघे घरी आली.

रविवारी ती पुन्हा गावात गेली. या वेळी तिने कोणालाच वय विचारले नाही. तिने विचारले, तुमच्या घरी खड्ड्यात कोण बसायचं? त्यांना विडी कोण आणून द्यायचं? तेव्हा तुमचे दात पडले होते का? शाळेत नाव घातलं होतं का? धाकटी बहीण झाली होती का? आधी लोक हसत. "ती व्हय? ती काय धरायची!" असे म्हणत. मग सांगू लागत. एकाला आठवले की विडी त्याच्या हाती आली तेव्हा कोनाड्यापर्यंत हात पोचत नसे, पाटावर चढावे लागे. एका आडदांड गड्याने सांगितले की आजा विडी घेताना गालाला हात लावायचा, त्यासाठी तो धावत जात असे. हे सांगून तो गडी उगाच लोकर पिंजू लागला. सांगता सांगता बहुतेक जण दाराकडे पाहू लागत, कारण त्याच वेळी घरातून कोणीतरी लहान मूल ओठांत लाल ठिणगी घेऊन अंगणात येत असे. संध्याकाळी, जेवढी घरे झाली तेवढ्यांची वये दात-शाळेवरून ठरवून तिने बेरीज केली. सरासरी सात वर्षांच्या आत आली. अहवाल तिने नव्याने लिहिला, आणि खाली हेही लिहिले की शिक्षकाने मुलांना उपदेश करण्यात वेळ घालवू नये. मुले आज्ञाधारकच आहेत. बोलायचे ते खड्ड्यात बसणाऱ्यांशी. सोमवारी अहवाल पोचला आणि गाव यादीत राहिले.

त्या रविवारी मायाप्पाने दिवसभरात तीनच विड्या ओढल्या, असे त्याच्या सुनेने शिष्येला सांगितले. एरवी बारा होत. यात वैराग्य किती आणि गुडघ्यांचे दुखणे किती, हे मी सांगू शकत नाही. त्या वयात दोन्ही हातात हात घालूनच येतात. पण त्या तिनांतली पहिली शिष्येने स्वतः पाहिली होती.

ती अंगणाच्या कडेला उभी होती. मायाप्पाचे हात खळीने भरलेले. विणता विणता तो थांबला आणि त्याने मान वर केली. दारात बसलेल्या ठकूने ते ओळखले. हाक यायच्या आधीच ती उठली आणि चुलीकडे पळाली.

"ठके, ऱ्हाऊं दे," मायाप्पा म्हणाला.

तो दोन्ही हात काठावर टेकून, कण्हत, खड्ड्यातून वर आला. रांजणाशी जाऊन त्याने कोपरापासून हात धुतले. खळ सहजी सुटत नाही, वेळ लागला. पोर तशीच उभी होती. आबांचे हे काम तिचे होते, घरात दुसऱ्या कोणाचे नव्हते. विडी देताना आबा तिचे नाव घेत, तिच्याकडे बघून हसत. आज तिला कोणी काही सांगितले नव्हते आणि तिचे काम काढून घेतले होते. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आबा, माझं काय चुकलं?"

मायाप्पा ओल्या हातांनीच तिच्यापुढे खाली बसला. ज्या गुडघ्यांसाठी चौदा वर्षे त्या घरात मुले धावली, ते गुडघे त्याने जमिनीला टेकले.

"तुजं न्हाई चुकलं, बाय," तो म्हणाला. "मला कुनी असं ऱ्हाऊं दे म्हनलं न्हाई गं कवा."

आणि तो उठून चुलीकडे गेला, एकटाच.