वाऱ्याच्या वहाणा

फार वर्षांपूर्वी, आमच्या घराण्यात विड्याच्या पानांचा धंदा कुणी सुरूही केला नव्हता तेव्हाची गोष्ट. मोकळवाडीच्या माळावर उभं झाड नव्हतं. वारा असा, की तव्यावरची भाकरी शेजारणीच्या तव्यात जाऊन पडायची, असं म्हणतात.

त्या माळावर, सारं गाव जिला ठकूआत्या म्हणायचं, त्या बाईनं पानमळा धरला. वेलीचं बेणं तिनं माहेरून ओल्या फडक्यात आणलेलं. पुढं माहेर दुष्काळात ओस पडलं. ही वेल गेली, की माहेरची शेवटची खूण गेली.

म्हणून तिनं मळ्याभोवती काटक्यांची ताटी उभी केली आणि शेणामातीनं घट्ट लिंपली. शेजारचा येसबा हसला, “आत्ये, वारा काय म्हैस हाय, गोठ्यात कोंडायला?”

“म्हशीपरीस बरा. लाथ तरी मारत न्हाई.”

आणि वाऱ्यानं लाथ मारलीच. ताटीवरून उडी घेऊन तो वरून वेलींवर कोसळला. मळा आडवा झाला. एकच वेल उरली.

आत्या ताटीला टेकून रडत बसली. तेव्हा एक धुळीनं माखलेला म्हातारा वाटसरू शेजारी येऊन टेकला, असं म्हणतात. म्हणाला, “पोरी, दार लिंपलंस, म्हणून मला आढ्यावरून यावं लागलं.”

आत्यानं त्याला ओळखलं. डोळे पुसून म्हणाली, “मग दारातून ये, बाबा. पण घरात येतात तसा ये. वहाणा बाहेर काढून.”

दुसऱ्या दिवशी तिनं ताटी पाडली आणि शेवरीची झाडं ओळीनं लावली, मधे फटी ठेवून. शेवरी आठवड्यात डोक्याएवढी झाली म्हणतात. मी व्यापारी माणूस, सांगितलेल्या मापात थोडी घट धरतो. पण वाढली खरी. वारा आला, पानापानांत अडखळला, दम टाकत आत शिरला. वेल थरथरली, पण पडली नाही. त्याच वेलीच्या बेण्यावर पुढं सगळा माळ हिरवा झाला. आत्याला हसलेला येसबाच पहिलं बेणं मागायला आला.

आत्या गेली त्या दिवशी माळावर पानही हललं नाही, असं म्हणतात.

मोकळवाडीत आजही मळ्याचं कुंपण कुणी लिंपत नाही. नवी शेवरी लावली, की तिच्या बाहेर जुन्या वहाणांचा एक जोड ठेवतात. पानं घ्यायला गेलो, की मीही माझ्या वहाणा त्याच्याच शेजारी काढतो. तो जोड रोज धुळीनं भरलेला असतो. घरची सून तो झटकते आणि पुन्हा तिथंच ठेवते. पाहुणा आत आहे ना.