दाराएवढं मुसकं

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा दारांना कड्या होत्या, पण कुलपं कुणी पाहिली नव्हती.

दोन डोंगरांच्या खिंडीत एक गाव होतं. त्या गावाला दोन गोष्टींची कधी कमी पडली नाही, वाऱ्याची आणि दोराची. वारा खिंडीतून आपणहून यायचा. दोर मात्र गावकरी अंबाडीच्या सालीपासून हातानं वळायचे. कासरे, दावी, शिंकी, बैलांच्या तोंडाला बांधायची मुसकी, सगळं त्या गावात व्हायचं.

गावाची एक रीत होती. दिवसाउजेडी दार लावायचं नाही. ज्या घरात कुणी वारलं असेल तेच घर दिवसा दार लावून बसायचं. दार लावलेलं दिसलं, की येणारा-जाणारा थांबून हळूच विचारायचा, "कोण गेलं हो?"

त्या गावात एक तरुण आई राहायची. तिचं घर नेमकं गुरांच्या वाटेवर. गावची सगळी गुरं सकाळी तिच्या उंबऱ्यासमोरून रानात जायची आणि संध्याकाळी तिथूनच परत यायची. तिचं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं, आणि बाळ रांगायला लागल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बाळ झोपलं, की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. बाळ जागं असलं, की भाकरी थापताना तिचा एक डोळा तव्यावर आणि एक उंबऱ्यावर. त्यामुळे तिच्या घरातली भाकरी नेहमी एका बाजूनं करपलेली असायची.

एके दिवशी दिवेलागणीला बाळ उंबरा ओलांडून गेलं. समोरून गुरं येत होती. आई पिठाच्या हातानं धावली आणि बाळाला उचलून घेतलं. बाळ हसत होतं. आईनं मात्र त्याला असं घट्ट धरलं, की त्याच्या पाठीवर पिठाची बोटं उमटली.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय घाबरायचं? आपल्या घरात यावर जुना उपाय आहे." त्यांनी खुंटीवरची दोरी काढली, तिचं एक टोक बाळाच्या कमरेला आणि दुसरं मधल्या खांबाला बांधलं. "तुझा नवरा याच खांबाला बांधलेला असायचा. काही बिघडलं का त्याचं?"

बाळानं दारापर्यंत जायला दोरी ओढली. पुन्हा ओढली. कमरेवर लाल वळ उठला. मग बाळानं ओढायचं सोडलं आणि दाराकडे पाठ करून खांबाकडे बघत बसलं. रडलंसुद्धा नाही.

ते आईला बघवेना. रडणारं पोर परवडतं, असं गप्प बसणारं नाही. तिनं गाठ सोडली.

"आत्याबाई, मी दाराला पडदा करते," ती सासूबाईंना म्हणाली.

"कापडाचा? या वाऱ्यात? पाटलीणबाईंनी केलाय तो बघ. काठाला दगड शिवलेत, तेव्हा कुठे खाली राहतो."

"कापडाचा नाही. दोराचा."

सासूबाई हसल्या. "दोराचा पडदा. उद्या म्हणशील, लोण्याची चूल मांडते." मग सुनेचं तोंड बघून त्या जरा नरमल्या. "बरं, कर. पोळ्यापर्यंत मुभा आहे तुला. पोळ्याला गावचे सगळे बैल आपल्या दारावरून धावतात. तोवर जमलं तर जमलं. नाहीतर त्या दिवसापासून पोर खांबाला, आणि मग डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

"नाही आणणार," आई म्हणाली, आणि तिथल्या तिथेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. अंबाडीचा बारीक दोर तिनं दगडावर धोपटून मऊ केला. दाराच्या चौकटीवर आडवी काठी बांधली आणि त्या काठीला दोऱ्या अडकवून खाली सोडल्या. मग चार-चार दोऱ्या जवळ घेऊन गाठी मारायला लागली. मधल्या दोन नुसत्या उभ्या राहायच्या, कडेच्या दोन त्यांना मिठी मारायच्या. एक मिठी उजवीकडून, एक डावीकडून, की गाठ पक्की.

पण सुरुवातीलाच चूक झाली. आणि ती चूक त्या गावच्या माणसानंच करावी अशी होती. दोर वळणाऱ्याला सवय असते, हातभर दावं हवं तर हातभर दोर कापायचा. तिनंही दार मोजलं आणि दाराएवढ्याच दोऱ्या कापल्या. गाठी मारत गेली तसा पडदा वर-वर सरकत गेला. शेवटची गाठ मारली तेव्हा तो जेमतेम तिच्या गळ्यापर्यंत येत होता, आणि त्याखालून बाळ खुशाल रांगत बाहेर गेलं.

पाटलीणबाई पाण्याची घागर घेऊन वाटेनं चालल्या होत्या. त्या थांबल्या. "काय गं, बाळाचं झालं, आता दाराला झबलं शिवलंस होय?"

बरोबरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईनं बाळाला उचललं आणि आत आली.

आत सासूबाई शेंगा सोलत होत्या. शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "शिंकं केलं नाहीस वाटतं कधी. गाठ दोर खाते, पोरी. हातभर काम हवं तर चार हात दोर लागतो. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

टोमणा होता, पण त्यात मोजमापही होतं. आईनं टोमणा सोडला आणि मोजमाप घेतलं.

दुसऱ्या खेपेला तिनं दोऱ्या चौपट लांब घेतल्या. आता दोर पुरला. पण या वेळी आडवी आली तिची भीती. गाठ मारून झाली, की खाली जराशी फट दिसायची. इथून बाळाचं डोकं गेलं तर? ती फट गाठीनं बुजवायची. इथून कुत्र्यानं तोंड घातलं तर? आणखी एक गाठ. साप आला तर? वाईट नजर आली तर? जेवढ्या काळज्या, तेवढ्या गाठी. त्यासुद्धा अशा आवळलेल्या, की तिची बोटं सोलून निघाली.

पडदा पूर्ण झाला तेव्हा तो पडदा राहिलाच नव्हता. उभी फळीच झाली होती. त्यातून मुंगीसुद्धा गेली नसती, पण उजेडही येत नव्हता. भर दुपारी घरात अंधार झाला आणि बाळ घाबरून रडायला लागलं. वाटेवरून जाणारा एक म्हातारा थांबला आणि त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

आई काही बोलणार, तेवढ्यात खिंडीतून वारा आला. वाऱ्याला आत जायला वाट दिसेना. त्यानं खांदा लावून ढकललं. कडकन काठी मोडली आणि अख्खा पडदा बाळापासून वीतभर अंतरावर येऊन पडला.

सासूबाईंनी बाळाला बांधायची दोरी झटकली, उन्हात घातली आणि संध्याकाळी घडी करून खांबाजवळच्या खुंटीला टांगली. पोळा चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी आई बाळाला कडेवर घेऊन नवऱ्याची भाकरी शेतावर द्यायला गेली. पिकातलं तण काढायची कोळपणी चालली होती. पिकाच्या ओळींमधून म्हातारा ढवळ्या बैल चालत होता. कोवळ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधलेलं होतं. नवरा जेवायला बसला, बैल बांधावर उभा राहिला, आणि आई त्या मुसक्याकडे बघतच राहिली.

त्या काळी बैल बोलत. कुणी नीट बघितलं तर बोलत.

"काय बघतेस?" ढवळ्यानं विचारलं.

"तुला यात कोंडल्यासारखं होत नाही?"

"पीक खाता येत नाही, एवढंच. श्वास येतो, वारा लागतो, पावसाचा वास येतो. ज्यानं हे केलं, त्याला नीट ठाऊक होतं काय अडवायचं ते. आणि काय अडवायचं नाही, तेही."

आईनं मुसक्याच्या एका भोकात बोट घातलं. बोट आत गेलं. मग बाळानं त्यात मूठ घातली, आणि ढवळ्यानं जाळीतूनच जीभ काढून ती मूठ चाटली. बाळ खिदळायला लागलं.

आई जवळजवळ पळतच घरी आली.

तिनं फळी झालेला पडदा मांडीवर घेतला आणि गाठी सोडायला बसली. सोडताना तिला आठवत होतं, कुठली गाठ कशासाठी मारली होती. ही सापाची. ही कुत्र्याची. ही नजरेची. एकेक भीती सुटत गेली, तसा मांडीवर मोकळ्या दोराचा ढीग होत गेला.

मग तिनं पुन्हा बांधायला घेतलं. एक गाठ, खाली मोकळी जागा. पुन्हा गाठ, पुन्हा मोकळी जागा. भोक केवढं ठेवायचं, ते बाळानंच शिकवलं होतं. मूठ जावी, डोकं जाऊ नये. गाठ मात्र तिनं अशी मारली, की लोंबकळलं तरी हलू नये. वर मोडक्या काठीच्या जागी जाड बांबू आला. खाली दुसरी काठी गुंफली आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांत अडकवली. मोठ्या माणसानं काठी उचलावी, आत यावं, पुन्हा अडकवावी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, गावात बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते तेव्हा तिनं शेवटची गाठ मारली. खिंडीतून वारा आला. पडदा जरासा फुगला, वारा भोकाभोकांतून आत गेला आणि चुलीवरचा धूर घेऊन मागच्या दारानं निघून गेला.

सासूबाईंनी पडदा ओढून बघितला. "भोकंच भोकं आहेत की."

"हो. ठेवलीत."

"बघू उद्या," सासूबाई म्हणाल्या. खुंटीवरची दोरी त्यांनी तिथेच राहू दिली.

पोळ्याचा दिवस उजाडला. शिंगं रंगवलेले, पाठीवर झुली घातलेले बैल वेशीशी जमले. प्रत्येक दारात बाई ओवाळायचं ताट घेऊन उभी राहिली. सासूबाई आत आमटीला फोडणी देत होत्या, बाळ आत खेळत होतं. आई पडद्याबाहेर ताट घेऊन उभी होती. पण गर्दीचा असा रेटा आला, की ती ढकलली जाऊन वाटेच्या पलीकडे जाऊन पोचली.

आणि त्याच वेळी वारा सुटला.

पाटलीणबाईंचा पडदा जाड कापडाचा. त्यात वारा भरला तसा तो शिडासारखा ताणला गेला आणि काठीसकट उडाला. नेमका पाटलांच्या तरण्या बैलाच्या शिंगांवर पडला. डोळ्यांपुढे अंधार झाला, आणि काठाला शिवलेले दगड त्याच्या गुडघ्यांवर आपटायला लागले. बैल उधळला. जेवढा पळे तेवढे दगड जोरात लागत. कापड फाटून गळून पडलं तेव्हा त्याला समोर पहिलं जे दार दिसलं, त्याच दाराकडे तो शिंगं रोखून निघाला.

ते दार आईचं होतं.

आईनं बघितलं, पडद्यामागे बाळ होतं. गलका ऐकून ते रांगत आलं होतं. दोन्ही हातांनी त्यानं जाळी धरली होती आणि एकेका गाठीला धरत, जन्मात पहिल्यांदा, ते आपल्या पायांवर उभं राहिलं होतं.

आई दाराकडे निघाली, पण मध्ये बैल होता.

बैल पडद्यापाशी आला. नाकाला अंबाडीचा ओळखीचा वास आला. डोळ्यांपुढे ओळखीची जाळी आली. तो जागीच थबकला.

"हे तर मुसकं," बैल मनात म्हणाला. "पण दाराएवढं? मग ज्याचं हे मुसकं, तो बैल केवढा असेल? आणि तो आत आहे की बाहेर?"

तेवढ्यात जाळीतून एक इवलीशी मूठ बाहेर आली आणि त्याच्या ओल्या नाकावर टेकली. आणि त्याच वेळी आत मिरच्यांच्या फोडणीचा झोंबणारा खाट उठला आणि सासूबाईंना असा ठसका लागला, की सगळं घर दणाणलं.

"आत आहे," बैल म्हणाला. तो चार पावलं मागे सरला, मान खाली घातली आणि शहाण्यासारखा उभा राहिला. पाटलांच्या गड्यानं येऊन कासरा धरला तरी त्यानं वर बघितलं नाही.

आई धावत आली. ताट अजून तिच्या हातात होतं, फक्त निरांजन विझलं होतं. बाळ जाळीला धरून उभंच होतं आणि गडी घेऊन चाललेल्या बैलाला हात हलवत होतं.

डोळे पुसत सासूबाई बाहेर आल्या. "कसला गलका गं?"

लोकांनी सांगितलं. सासूबाईंनी पडद्याकडे बघितलं. उभ्या राहिलेल्या नातवाकडे बघितलं. मग त्या आत गेल्या, खुंटीवरची दोरी काढली आणि आणून सुनेच्या हातात दिली.

"तुझ्या नवऱ्याच्या कमरेची आहे. वापरून वापरून मऊ झालीय. खालच्या काठाला झालर लाव हिची."

या वेळी आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत होतं, पण ते मिरचीचं असेल.

संध्याकाळी पाटलीणबाई आल्या. हातात फाटका पडदा. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाल्या, "ते दाराचं झबलं कसं करायचं, तेवढं सांग बाई."

"दोर चौपट घ्या," आई म्हणाली. "आणि काकू, भीती वाटेल तिथे गाठ मारू नका. गरज असेल तिथेच मारा."

पुढच्या पोळ्याला गावातल्या प्रत्येक दाराला जाळीचा पडदा होता. दारं दिवसभर उघडी असायची, घरात वारा खेळायचा. त्या गावची सगळी मुलं पडद्याच्या गाठी धरूनच उभी राहायला शिकली, आणि खांबाला कमरेची दोरी पुन्हा कुठल्याच घरात दिसली नाही. त्या आईच्या घरची भाकरीही दोन्ही बाजूंनी सारखी भाजायला लागली.

म्हणून सांगणं एवढंच: ज्याला जपायचं त्याला आवळू नये, गाठ पक्की मारावी, आणि वाऱ्याला वाट ठेवावी.